आफ्रिकेच्या माळावर सिंहाचा शोध

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण हसतील. म्हणतील, "आमच्या उसात बिबट्या शिरलाय, त्याचं काय करायचं ते सांगा आधी! हे गृहस्थ निघाले आफ्रिकेतला सिंह दाखवायला." हसणे रास्त आहे. पण थोडे थांबा. ज्याने गुरे राखली आहेत, साळुंक्यांच्या कलकलाटावरून कुंपणात साप निघाला की मांजर दडले ते ओळखले आहे, त्याला हा विषय मुळीच परका नाही. लाखभर रुपये खर्चून तिकडे जाणाऱ्या शहरी पाहुण्याला जे पहिल्या दिवशी जमत नाही, ते तुम्हांला दुपारपर्यंत जमेल असे माझे मत आहे. कसे ते पुढे सांगतो.

प्रथम 'सफारी' हा शब्दच घ्या. तो पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. अर्थ एवढाच, की प्रवास. स्वाहिलीने तो अरबीवरून घेतला आणि आपणही त्याच मुळावरून 'सफर' म्हणतो. तेव्हा शब्द आपल्या चुलतघराण्यातला आहे. साहेबांच्या अमलात सफारी म्हणजे बंदुका, तंबू आणि हमालांची रांग. केनियात 1977 सालापासून शिकारीला बंदी आहे. आता पाहुणे येतात ते कॅमेरा आणि दुर्बीण घेऊन. टपाच्या उघड्या जागेतून डोके बाहेर काढून पाहायचे, गाडीतून खाली उतरायचे नाही, अशी ही सफर.

जागा कोणती? केनियाच्या दक्षिण टोकाला मसाई मारा नावाचे राखीव रान आहे, सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचे. सीमेपलीकडे टांझानियात सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान, 14,763 चौरस किलोमीटरचे. 1951 सालापासून त्याला उद्यानाचा दर्जा आहे. खरे म्हणजे हा एकच माळ. मधली सीमा माणसांनी आखली, जनावरांना तिचा पत्ता नाही. नू नावाचे एक दाढीवाले, काळपट जनावर आहे. तोंड बैलासारखे, मागचा भाग घोड्यासारखा. असे दहा-पंधरा लाख नू आणि त्यांच्याबरोबर दोन लाखांच्या आसपास झेब्रे पावसाच्या मागे हिरव्या चाऱ्यासाठी या माळावर वर्षभर फेरी घालतात. मेंढरे घेऊन कोकणात उतरणारे आपले धनगर चाऱ्यामागे हिंडतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे पुढे मेंढका कुणी नाही. जुलै ते ऑक्टोबरात ही गर्दी माराकडे असते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेस माद्या वितात.

एवढी जनावरे म्हटल्यावर त्यांच्यावर जगणारेही आलेच. सिंह, बिबट्या, चित्ता आणि ठिपक्यांचे तरस. मग दिसायला अडचण कसली?

अडचण अशी की सिंह दिवसाचे वीस-वीस तास पडून असतो. वाळल्या गवताचा रंग आणि त्याच्या कातडीचा रंग एकच. पहिल्या सकाळी मी किमान सहा सिंह पाहिले. त्यांतली चार वारुळे निघाली, एक खोड निघाले आणि एक लांबून दिसणारे रानडुकराचे बूड. गाडी हाकणारा गडी मसाई होता, समंजस होता. हसला नाही. त्याने बोट दाखवले ते भलतीकडेच. तिथे सिंह नव्हता. तिथे पाच-सहा हरणे उभी होती.

तर मंडळी, सगळी विद्या इथे आहे. सिंहाला शोधत बसू नका. ज्यांना सिंहाचे भय आहे ते कुठे पाहतात ते पाहा.

तिकडे एक मोठ्या चणीचे, जांभळट तांबूस हरीण आहे. त्याचे नाव टोपी. (हसू नका, खरोखर टोपीच.) हे टोपी वारुळावर चढून उभे राहते आणि चहूकडे पाहते. ते मान खाली घालून चरत असेल तर पुढे चला. पण ते ताठ उभे आहे, कान पुढे केले आहेत, आणि एकटेच नव्हे तर आसपासचे सगळे टोपी एकाच झुडपाकडे तोंड करून उभे आहेत, असे दिसले तर गाडी थांबवा. त्या झुडपात कुणीतरी आहे. जिराफही तसाच. त्याची मान म्हणजे चालता मचाण. जिराफ पाला ओरबाडायचे सोडून एका जागी टक लावून उभा राहिला, की त्याच्या नजरेची रेघ धरावी आणि दुर्बीण त्या रेघेवरून हळूहळू सरकवावी. इम्पाला हरीण नाकातून फुरफुरते, झेब्रा कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज काढतो. ताडोबाच्या रानात वानराचा खकारा आणि सांबराची हाक ऐकून वाटाडे वाघाचा माग काढतात, त्याच जातीची ही विद्या.

आता कुणी शंका काढील, आणि वर्गातला हुशार मुलगा तर काढीलच: सिंह दिसला तर हरीण पळत का नाही? टक लावून उभे का राहते? याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. सिंह आणि बिबट्या हे दबा धरून मारणारे. त्यांचे सगळे बळ न दिसता जवळ येण्यात असते. लांब पल्ल्याच्या धावेत हरणाशी त्यांचा पाड लागत नाही. हरणाला दिसलेला सिंह हा निम्मा हरलेला सिंह. तेव्हा हरणाचे म्हणणे असे की, तू दिसतो आहेस तोवर ठीक. नजरेआड झालास की धोका. म्हणून ते त्याच्यावर नजर ठेवून उभे राहते, प्रसंगी दोन पावले त्याच्याच बाजूला टाकते. चोर ओळखला की गावकरी त्याच्या मागेमागे चालतात, तशातला प्रकार.

दुसरी खूण आभाळात. गिधाडे. पण गिधाडे दिसली म्हणून धावत सुटू नये, ती काय करताहेत ते पाहावे. उंच घिरट्या घालणारी गिधाडे नुसती ऊन खात, वाऱ्यावर चढत असतात. पंख आखडून एकामागून एक खाली कोसळू लागली तर खाली मढे आहे. आणि झाडावर रांगेने बसून आहेत, खाली उतरत नाहीत, तर समजावे की मढ्याचा धनी अजून पंगतीवर बसला आहे. ही शेवटची खूण सर्वांत मोलाची. आपल्याकडे गिधाडांची काय दशा झाली ते तुम्ही जाणता. 1990 नंतर गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधाने, मेलेल्या ढोरांवाटे ती कोट्यवधींनी मेली. 2006 साली गुरांसाठी ते औषध बंद झाले, पण गावाबाहेर ढोर फोडायच्या जागी गिधाडांचा थवा उतरलेला आजच्या मुलांनी पाहिलेला नसतो. तिकडच्या गिधाडांवर दुसरे संकट आहे, विषाचे. त्याची हकीकत पुढे येईल.

वेळेचे म्हणाल तर पहाट आणि संध्याकाळ. मारा विषुववृत्ताला अगदी लागून असल्यामुळे बारा महिने सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. मुलूख आफ्रिका असला तरी माळ समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे. पहाटे कांबळे लागते. उजाडल्यापासून नऊपर्यंत सिंह चालताना दिसेल, पिल्ले खेळताना दिसतील. पुढे ऊन चढले की माळ सोडून द्यावा आणि सावल्या तपासाव्यात. मोकळ्या रानात एकच झुडूप असेल आणि त्याच्या सावलीचा काठ नेहमीपेक्षा जाड दिसत असेल तर ती सावली नव्हे. दुसरे असे की गवत उभे असते, झाडांची खोडे उभी असतात. रानात आडवी रेघ दिसली तर तिथे नजर रोखावी. जनावराची पाठ असते ती. कानाची हालचाल आणि शेपटीचा गोंडा या दोन गोष्टी सिंहाला लपवता येत नाहीत. माशी बसली की कान हलतोच, मग तो वनराज असो की तुमचा खोंड असो.

बिबट्याची तऱ्हा निराळी. त्याला जमिनीवर शोधणे व्यर्थ. सेरेंगेटीत सेरोनेरा नदीच्या काठाने मोठी झाडे आहेत, ती बिबट्यासाठी प्रसिद्ध. तिथे आडवी, जाड फांदी शोधायची आणि तिच्याखाली काही लोंबते आहे का ते पाहायचे. लोंबणारी वस्तू बहुधा शेपूट असते. कधी कधी ते हरणाचे पाय असतात. कारण सिंह आणि तरस हिसकावून घेतील म्हणून बिबट्या आपली शिकार झाडावर चढवून ठेवतो. शिंक्यावर दही ठेवावे तसे.

इथे शिक्षकांना एक विनंती. आपल्याकडे वर्तमानपत्रांतूनसुद्धा बिबट्याला सर्रास 'चित्ता' म्हणतात. उसात शिरतो तो बिबट्या. त्याच्या अंगावर पाकळ्या जुळवल्यासारखी ठिपक्यांची फुले असतात, अंग भरदार, पाय आखूड. चित्त्याच्या अंगावर सुटे, भरीव, काळे टिपके. कंबर बारीक, पाय लांब, डोके लहान. आणि हमखास खूण अशी की चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ उतरलेली असते. एवढी एक रेघ मुलांच्या ध्यानात राहिली तरी पुरे. रानातला चित्ता आपल्या देशातून नाहीसा झाल्याचे 1952 साली जाहीर झाले. त्याच्याही आधी कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी काळवीट धरायला पाळलेले चित्ते आफ्रिकेतून आणवले होते. 2022 च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात आणून सोडले, हे तुम्ही ऐकले असेलच.

चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो. सिंह आणि तरस झोपलेले असतात ती वेळ तो साधतो, कारण भांडणात तो दोघांपुढेही टिकत नाही. वारुळावर चढून तो माळ न्याहाळतो. त्यामुळे वारूळ दिसले की त्याचा माथा पाहावा. तिथे टोपी उभा असेल किंवा टोपीला खाणारा तरी. चित्त्याची धाव ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जाते, पण ती काहीशे मीटरच. पुढे दम तुटतो. हरीण पाडल्यावरही कित्येक मिनिटे तो धापा टाकत बसतो, खाऊ शकत नाही. तेवढ्यात तरस आले की हातचा घास गेला.

तरसाबद्दल दोन शब्द, कारण त्याची उगाच बदनामी झाली आहे. सिंह मारतो आणि तरस उष्टे खातो असे आपण शाळेत घोकले. हान्स क्रूक नावाच्या डच शास्त्रज्ञाने 1960 नंतरच्या दशकात सेरेंगेटीत आणि गोरोंगोरोच्या कुंडात रात्ररात्र जागून तरसांचा पाठलाग केला. त्याला दिसले ते उलटेच. ठिपक्यांचे तरस बहुतेक अन्न स्वतः मारून खातात, आणि गोरोंगोरोत तर कित्येकदा तरसांनी मारलेल्यावर सिंहच ताव मारतात. सकाळी उशिरा जाणाऱ्याला मढ्यावर सिंह आणि भोवती ताटकळलेली तरसे दिसत, म्हणून तो समज झाला. आपल्याकडचे पट्टेदार तरस निराळे. ते मात्र मुख्यतः मेलेल्यावरच जगते.

हे सगळे वाचल्यावर वाटेल की डोळे उघडे ठेवले म्हणजे झाले. पण तिथे आता आणखी एक खूण आहे, आणि तीच सर्वांत जास्त वापरली जाते. ती म्हणजे दुसऱ्या गाड्या. हाकणाऱ्यांजवळ बिनतारी यंत्र असते, आमच्या आकाशवाणीची धाकटी बहीणच म्हणा ना. एकाला 'सिंबा' दिसला की तो बाकीच्यांना कळवतो. (सिंबा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, डुमा चित्ता, फिसी तरस. सिंबा आपल्या सिंहासारखा ऐकू येतो, पण ते घराणे बांटू भाषांचे आहे.) दहा मिनिटांत धुरळा उडवीत पंधरा-वीस गाड्या गोळा होतात. पाहुण्याचे समाधान होते, हाकणाऱ्याला बक्षिसी मिळते. त्याला नावे ठेवू नका, त्याच्या घरची चूल त्या बक्षिसीवर आहे.

मात्र मध्ये सापडलेल्या जनावराचे काय होते? सिंह धिम्मा असतो, डोळे मिटून पडून राहतो. गाडी म्हणजे एक अवजड, बिनवासाचे जनावर, ना खाण्याचे ना भिण्याचे, असे त्याने धरून चाललेले दिसते. म्हणूनच गाडीत उभे राहून हात हलवू नयेत. त्या आकृतीतून माणूस सुटा दिसू नये. चित्त्याचे तसे नाही. त्याच्या मादीला पिल्ले सांभाळून एकटीने शिकार करायची असते. ती गवतातून सरपटत हरणाकडे निघाली, की गाड्या पुढे घुसतात, हरीण बिचकते, डाव फुकट जातो. घर्रघर्र ऐकून तरसांनाही बातमी लागते. मसाई मारातल्या चित्त्यांच्या माद्यांची 2013 ते 2017 या काळात पाहणी झाली आणि 2018 साली तिचे निष्कर्ष छापून आले. जिथे पाहुण्यांच्या गाड्या कमी, तिथे मादीची सरासरी दोनाहून जास्त पिल्ले मोठी होऊन स्वतंत्र झाली. जिथे गाड्यांची गर्दी, तिथे ही सरासरी 0.2 पडली. म्हणजे पाच माद्यांमागे एक पिल्लू! साऱ्या जगात रानचे चित्ते सातेक हजार उरले आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकडा किती वाईट आहे ते कळेल. त्यांना कुणी गोळी घातली नाही, कुणी दगड मारला नाही. नुसते पाहिले.

एका जनावराभोवती एका वेळी पाचापेक्षा अधिक गाड्या नकोत, पंचवीस मीटरच्या आत जाऊ नये, असे नियम तिथे आहेत. पाळले जातात कितपत, ते पाहुण्याच्या आग्रहावर ठरते. चित्ता कधी गाडीलाच वारूळ समजून टपावर चढतो, आणि पाहुणे त्याचे फोटो अभिमानाने गावभर दाखवतात. मला विचाराल तर त्यात अभिमानाचे काही नाही. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, पुतण्या नोकरीनिमित्त नैरोबीला किंवा मोम्बासाला असेल आणि त्या निमित्ताने तुमचे जाणे झालेच, तर हाकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे: बाबा रे, चित्ता शिकारीला निघालेला दिसला तर आपण लांब थांबायचे, यंत्र बंद ठेवायचे, नाही दिसले तरी चालेल, बक्षिसी तीच मिळेल. एवढ्या एका वाक्याने त्याच्यावरचा भार उतरतो.

आता विषाची हकीकत. या रानाला कुंपण नाही. रानाच्या कडेला मसाई लोकांच्या वाड्या आहेत. मसाई म्हणजे गुराखी जमात. गाय हीच त्यांची दौलत. रात्री गुरे काटेरी फांद्यांच्या गोल कुंपणात कोंडतात, त्याला बोमा म्हणतात. आपले वाडगेच ते. पाहुण्याला दिवसा दहा मिनिटे दिसलेला सिंह रात्री त्या वाडग्याभोवती हिंडतो. त्याची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते. पाहुणा ती तंबूतल्या अंथरुणात ऐकतो आणि त्याच्या अंगावर सुखाचा काटा येतो. बोम्यातला बाप ती ऐकतो आणि उठून बसतो. गाय गेली की पूर्वी भाले घेऊन सिंहाच्या मागे निघत. पुढे पुढे मेलेल्या गाईवर पिकावरचे कीटकनाशक ओतून ठेवणे सोपे झाले. ते मांस खाऊन सिंह मरतो, तरस मरते आणि आभाळातून उतरलेली गिधाडे तर ढिगाने मरतात.

नैरोबी शहराला लागूनच एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या दक्षिण अंगाला कुंपण नाही, आणि तिथेच रिचर्ड टुरेरे नावाचा एक मसाई मुलगा राहत होता. नऊ वर्षांचा झाल्यापासून बापाची गुरे राखणे त्याच्याकडे होते. सिंह येत आणि गुरे मारत. मुलगा चिडला, पण डोके शाबूत ठेवले. आधी जाळ करून पाहिला. उलट सिंहांना उजेडात वाडगे नीट दिसू लागले. मग बुजगावणे केले. पहिल्या रात्री सिंह परत गेले. दुसऱ्या रात्री त्यांनी पाहिले की हे जागचे हलत नाही, आणि आत शिरले. एके रात्री तो स्वतः विजेरी घेऊन वाडग्याभोवती फिरत होता, त्या रात्री सिंह आले नाहीत. त्याने ओळखले की सिंह हलत्या उजेडाला भितात, कारण हलता उजेड म्हणजे जागा माणूस.

मग त्याने मोटारीची जुनी बॅटरी घेतली, मोटरसायकलचा वळण दाखवणारा दिवा उघडझाप करतो ती डबी घेतली, फुटक्या विजेऱ्यांतले बारके दिवे काढले, आणि वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला ते लावले. बॅटरी भरायला उन्हावर चालणारी पाटी. रात्रभर दिवे आळीपाळीने लुकलुकत राहिले. सिंहांना वाटले, कुणी तरी फेऱ्या घालते आहे. तेव्हा त्याचे वय अकरा वर्षे होते. सिंह यायचे थांबले. शेजारची एक म्हातारी आली, माझ्याही वाडग्याला लाव म्हणाली. त्याने लावून दिले. 2013 साली तो अमेरिकेत जाऊन मोठ्या सभेत ही हकीकत सांगून आला, तीही अगदी साध्या शब्दांत.

पुढे केनियात आणखी ठिकाणी वाडग्यांना असे दिवे लागले. रानाच्या हद्दीवर रात्री एखाद्या टेकाडाखाली अंधारात उघडझाप करणारे चार-सहा ठिपके दिसले तर ते बहुधा हेच.